गोड आवाजाचा वाटाड्या

आमच्या वर्गातल्या पुष्करला दिसत नाही. २०४४ साली अशा मुलांना हात धरून नेणारे, चाकांवर चालणारे छोटे यंत्रमानव मिळू लागले होते; त्यांना वाटाडे म्हणत. पुष्करच्या वाटाड्याने त्याला गोड आवाजात "सुप्रभात" म्हटलं आणि थेट उघड्या गटारात नेऊन पाडलं. इतकं छान बोलणाऱ्या यंत्राला वेळेवर थांबता कसं येत नाही?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण वाटाड्या माझ्याच मावशीच्या नव्या कंपनीचा होता. शाळा सुटताच मी तडक तिच्याकडे गेले. गुडघ्याला पट्टी बांधलेला पुष्करही सोबत होता.

"मावशी, अर्धवट यंत्र लोकांना देतेस कशी तू?"

मावशी ओशाळली. "शर्वरी, ही प्राथमिक आवृत्ती (पुरतं तयार नसलेलं, पण वापरून पाहता येईल असं रूप) आहे. सगळं पक्कं होईपर्यंत थांबलो, तर लोकांना काय हवंय ते कळतच नाही. म्हणून लवकर द्यायचं, चुका बघायच्या आणि सुधारायचं."

"आणि त्यासाठी याचा गुडघा फोडायचा? वाटाड्या कुठे चालवून पाहिलास?"

"इथेच, ऑफिसात."

खाली गुळगुळीत फरशी होती. गटार तर सोडाच, साधी पायरीही नव्हती.

"भांडवल देणारे इथेच यायचे," मावशी हळूच म्हणाली. "त्यांना आवडावा म्हणून आवाज घोटत बसलो. संवेदकांचं (खड्डा, पायरी ओळखणाऱ्या भागांचं) काम मग घाईत उरकलं."

"आवाज खरखरीत राहिला म्हणून कुणी पडलं नसतं! सगळे वाटाडे परत घे."

"अजिबात नाही," पुष्कर म्हणाला. तो माझ्यावरच चिडला होता. "तो निर्दोष होईपर्यंत मी घरी बसू? तुला काय जातंय सांगायला? मला वाचनालयात एकट्याने जायचंय. फक्त कळत नसताना कळल्यासारखं त्याने वागू नये. शंका आली की थांबावं आणि तसं सांगावं."

मावशी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "चुकलं माझं, पुष्कर. काय कच्चं चालेल आणि काय नाही, हे मी आधी तुला विचारायला हवं होतं."

तिने सगळे वाटाडे काही दिवसांपुरते बंद ठेवले आणि आधी थांबण्याचं काम पक्कं केलं. आवाजाला हातही लावला नाही. नव्या भागांशी तो जुळेना, त्यामुळे चांगलाच घोगरा झाला.

मग आम्ही पुष्करच्या गल्लीत गेलो. गटाराच्या अलीकडे वाटाड्या थबकला. "थांब. पुढचं मला कळत नाही."

पुष्करने दुसऱ्या हातातली पांढरी काठी पुढे केली. ती खाली गेली.

"आता खरं बोललास," तो म्हणाला आणि बाजूने वळसा घालून वाचनालयाच्या दिशेने निघाला. "शर्वरी, मागे येऊ नकोस."

मला त्याचाही जरा राग आला. पण मी तिथेच थांबले.