वजन चाखणारा चढधर

प्रणालीच्या मुलीचं जावळ काढलं त्या वर्षी, म्हणजे २०४१ साली, घाटात चालणाऱ्या सगळ्या प्रवासी गाड्यांना चढावर गाडी मागे सरकू न देणारा नवा चढधर बसवणं सक्तीचं झालं. प्रणाली ग्रामपंचायतीची विजेवरची गाडी चालवायची. तिचा सासरा बिरू झोरे याने दातेखिंडीच्या त्याच घाटात तीस वर्षं वडाप केलं होतं. वडाप म्हणजे मावतील तितकी माणसं भरून नेणारी जीप. आता तो सत्तरीच्या पुढे होता. सुनेच्या शेजारी बसला की त्याचे दोन्ही पाय गाडीची फळी दाबत राहायचे, जिथे दाबायला ब्रेक-क्लच काहीच नव्हतं.

"मामा, फळीला भोक पडंल," प्रणाली म्हणायची.

त्या मंगळवारी मात्र चेष्टेला वेळ नव्हता. बिरूची थोरली बहीण हौसाबाई माळावर गवत कापत होती आणि घोणस तिच्या घोट्याला डसली. विषावरची लस वरच्या पठारावरच्या दवाखान्यात होती. रस्ता पाऊण तासाचा, सगळा चढाचा. हौसाबाईला मागच्या सीटवर आडवं केलं होतं. पाय पोटरीपर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागलं होतं.

"आक्का, बोलत ऱ्हा. झोपू नको," बिरू मागे वळून म्हणाला.

"बोलते की. तू पुढं बघ. पोरगी चालवतीया, तू कशाला घाम गाळतोस?"

चौथ्या वळणाच्या खाली गाड्यांची रांग लागली होती. वर एक एसटी बंद पडली होती आणि एका अंगाने वाहनं सोडत होते. प्रणालीने गाडी थांबवून ब्रेकवरचा पाय काढला. गाडी जागची हलली नाही. समोरच्या काचेवर हिरवी रेघ उमटली: चढधर चालू.

बिरूचे पाय नेहमीसारखे फळीवर दाबले गेले. पाय ब्रेकवर नाही आणि गाडी चढावर उभी, हे त्याच्या अंगाला कधी पटलंच नव्हतं.

"किती वेळ धरंल?"

"तुम्ही म्हणाल तोवर. तुमच्या जीपसारखं न्हाय."

त्याच्या शेवटच्या जीपलाही तसलं काहीतरी होतं. क्लचच्या गाडीत चढावर उचलायचं म्हणजे कामं तीन आणि पाय दोन. क्लच सोडायचा, ब्रेक सोडायचा, रेस द्यायची. ब्रेकवरून रेसवर पाय नेईपर्यंत गाडी मागे सरकते. त्या जीपला चढ कळायचा. पाय काढला तरी ती ब्रेकच्या तेलाचा दाब दोन-तीन सेकंद तसाच धरून ठेवायची. तेवढ्यात हाफ क्लचवर गाडीने दम धरला की ब्रेक आपोआप सुटायचा. नाही धरला, तर तीन सेकंदांनी तुम्ही आणि तुमचं नशीब. ऑटोमॅटिक गाड्यांत क्लच नसतो, इंजिनच गाडीला जरा पुढे रेटत असतं, म्हणून तिथे हे काम सोपं. तरी धरणं तिथेही दोन-तीन सेकंदांचंच.

नव्या चढधराला वेळेची मर्यादा नव्हती. शिवाय तो वजन चाखायचा. उभ्या गाडीचा ब्रेक केसभर सैल करायचा, गाडी मागे किती रेटते ते बघायचा आणि परत आवळायचा. त्यावरून निघताना मोटरने किती जोर लावायचा ते ठरवायचा. गाडी भरलेली असो की रिकामी, पेल्यातलं पाणी हलू नये इतकी अलगद निघायची.

"पुढं काय झालंय बघतो," म्हणत बिरू उतरला.

पुढे तो गेलाच नाही. रस्त्याच्या कडेचा एक चांगला बसका दगड त्याने उचलला आणि मागच्या चाकाखाली सारला. वडापात चढावर गाडी थांबली की मागच्या फळीवरचा माणूस न सांगता हे करायचा. दगड नीट बसला हे टाचेने ठोकून बघितलं, तेव्हा कुठे त्याने हाताची माती झटकली. परत येऊन तो सीटवर बसला. प्रणालीला त्याने काही सांगितलं नाही.

सात-आठ मिनिटं गेली. हौसाबाईचं बोलणं जड झालं होतं. मग रांग हलली.

प्रणालीने रेस दिली. ब्रेक सुटला. मोटर कुरकुरली, पण गाडी पुढे गेली नाही. ती मागे बसली, दगडावर. दगड बारीक खडीवर होता. तो वीतभर सरकला आणि गाडीला खालून हिसका बसला. काचेवरची रेघ लाल झाली. चारही चाकं आवळली गेली.

"गाडी मागे सरकली आहे," गाडीतून आवाज आला. "आपण सुरक्षित आहात. तपासणीनंतर गाडी सोडण्यात येईल. अंदाजे वेळ पस्तीस मिनिटं."

"पेशंट हाय गाडीत," प्रणाली म्हणाली. "साप चावलाय. सोडा."

मग नियंत्रण कक्षातला खरा माणूस बोलू लागला. त्यालाही गाडी सोडता येत नव्हती. मागे सरकलेली गाडी माणसांसकट चढावर पुन्हा चालू करायची नाही, असा नियम होता.

"माझं काय चुकलं, मामा?" प्रणाली पुन्हा पुन्हा रेस दाबत होती. "जादा दाबलं का कमी?"

बिरू खाली उतरला. मोकळा झालेला दगड बघून त्याला सगळं कळलं. गाडीचा भार दगडावर रेलला होता. ब्रेक सैल करून चढधराने वजन चाखलं, तेव्हा त्याला गाडी हलकी लागली होती. हलक्या गाडीपुरताच जोर त्याने लावला. बिरूने दगड उचलला आणि दरीत टाकला. वडापवाल्यांचा तोही रिवाज होता. लावलेला दगड रस्त्यात सोडायचा नाही, मागच्याचा जीव जातो.

रांग वर निघून गेली होती आणि मागे कुणी नव्हतं. खालून दुधाचा जुना टेम्पो येईपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. आक्काला उचलून त्यात घातलं. हाफ क्लचवर कण्हत टेम्पो वर चढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चढधर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअर शिरगावकर बाई दवाखान्याच्या अंगणात आल्या. हौसाबाईची लघवी बंद झाली होती. आत यंत्राने रक्त धुणं चालू होतं. बाईंनी मांडीवर पडद्याची पाटी ठेवून गाडीची नोंद वाचली.

"सीटखालचे वजनकाटे तीन माणसं दाखवतात, पण चढधराला गाडी रिकामी वाटली. असं होत नाही सहसा. तुम्ही रेस झटक्यात दिलीत का?"

"दिली असंल," प्रणाली खाली बघत म्हणाली. "आत्यांकडं बघून माझंच भान गेलं होतं."

"मग मला चालकाची घाई असं लिहावं लागेल."

"तिचं काय न्हाय," बिरू म्हणाला. "मी चाकामागं दगड लावला होता."

बाईंनी मान वर केली. "कुठाय तो?"

"दरीत टाकला."

प्रणाली त्याच्याकडे वळली. "मला सांगायचं होतं, मामा."

"तू हसली असतीस."

"हसले असते. आणि उतरून दगड काढला असता."

बाईंनी पाटीवर काहीतरी लिहिलं. काट्यांचं आणि चाखलेलं वजन जुळलं नाही, तर चढधर आता निघण्याआधी विचारेल की चाकामागे काही आहे का, असं त्यांनी सांगितलं. आठवड्याभरात राज्यातली प्रत्येक गाडी हे शिकणार होती.

"आणि माणूस न्हाय म्हणाला तर?" बिरूने विचारलं.

बाईंनी पाटी पिशवीत घातली.

संध्याकाळी बिरू आत गेला. अर्धा तास आधी आलो असतो तर, असं त्याने डॉक्टरांना विचारलं होतं. "आता सांगता येत नाही," इतकंच ते म्हणाले होते. आक्काचे डोळे उघडे होते.

"आक्का, त्या वळणावर मी..."

"दगड लावलास," ती म्हणाली. "टाच मारलेली ऐकू आली मला."

"मग बोलली का न्हाईस?"

"कशाला बोलू? मलाबी बरं वाटलं."

तो तिचा हात धरून बसला. गाडीला एवढं सगळं शिकवता येतं, तर तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा हे माणसाला कोण शिकवणार होतं? आणि शिकायला त्याला वेळ किती मिळणार होता?

हौसाबाई गुरुवारी, १४ नोव्हेंबर २०४१ रोजी, दुपारी सव्वाचार वाजता वारली.