न निवळलेलं पाणी

अंधार पडायच्या आत हाल्बेराला आपल्या बापाला पठारावरून खाली आणायचं होतं. मेंढ्या हाकून आणायला गेलेला म्हातारा अर्नोल्फ घोड्यावरून पडला होता. मांडीचं हाड मोडून तो कालपासून वरच्या झोपडीत पडून होता. ढग इतके खाली उतरले होते की हेलिकॉप्टरवाल्यांनी हात टेकले. आइसलँडच्या त्या खोऱ्यात नदी ओलांडू शकेल असं एकच वाहन होतं, शेजारच्या ग्रीमूरचा चाळीस वर्षांचा ट्रक. त्यानं त्याला पोरासारखं लाडावलं होतं आणि ट्रकही तसाच वागायचा.

हिमनदीतून निघालेली ती नदी पार करताना पाणी दारांना लागलं. पलीकडे पाहतात तो काय, रेडिएटरच्या नळीचा पट्टा सैल होऊन पाणी गळून गेलेलं! ग्रीमूरनं पट्टा आवळला, हाल्बेरानं पाणी भरलं आणि दोघं निघाले. पाच किलोमीटर झाले. चढ लागला. तापमानाचा काटा थेट लाल पट्ट्यात!

"थांबू नकोस," हाल्बेरा म्हणाली. "बाराच किलोमीटर राहिलेत. रेट तसाच."

"रेटतो की. मग इंजिन जाम झालं की तू बापाला पाठुंगळी घेऊन ये."

ट्रक थांबला. बॉनेट उघडताच वाफेचा लोट उठला. हाल्बेरानं फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला, तो ग्रीमूरनं धरला.

"तोंड भाजून घ्यायचंय? आधी थंड होऊ दे."

तो अर्धा तास तिला खायला उठला. ती ट्रकभोवती येरझाऱ्या घालत राहिली, घड्याळ बघत राहिली आणि ग्रीमूर मात्र शांतपणे तपकीर ओढत बसला. त्याची मान मुरगाळावी असं तिला वाटलं.

झाकण निघालं. पाणी पुरेसं होतं. गळती नव्हती. पंख्याचा पट्टा ताठ होता. ग्रीमूरनं इंजिन चालू केलं.

"हीटर गरम हवा फेकतोय, म्हणजे पंप ठीक आहे. वरची नळी?"

"हात लावू देत नाही."

"म्हणजे थर्मोस्टॅटची झडप उघडलीय, गरम पाणी रेडिएटरकडे येतंय. खालची?"

हाल्बेरानं हात लावला. नळी गार होती.

"मग रेडिएटर आतून तुंबलाय. निम्म्या नळ्या आधीच चुन्यानं धरल्यात, पण सकाळी तर बरा चालला होता." ग्रीमूरनं तिच्याकडे पाहिलं. "पाणी कुठलं भरलंस गं?"

"नदीचं."

"निवळू दिलंस?"

हिमनदीचं पाणी बर्फाखाली भरडलेल्या दगडाच्या पिठानं दुधाळ झालेलं असतं. ते बादलीत ठेवायचं, गाळ बसू द्यायचा आणि वरचं तेवढं फडक्यातून घ्यायचं. हाल्बेरा स्वतः दरवर्षी मेंढ्या आणायला येणाऱ्या नव्या लोकांवर यावरून ओरडायची, आणि आज तिनंच तीन बादल्या तशाच ओतल्या होत्या!

"वेळ नव्हता," ती म्हणाली. तिला रडूच यायचं बाकी होतं.

"बरं. आता काढ वेळ."

उताराखाली स्वच्छ पाण्याचा झरा होता. इंजिन निवल्यावर ग्रीमूरनं सगळं पाणी काढून टाकलं, नळ्या सोडवल्या आणि खालच्या तोंडाला जोडलेली नळी उंच धरली. हाल्बेरा डबे भरून आणायची आणि तो नळीत ओतायचा. पाणी उलटं चढायचं आणि वरच्या तोंडातून राखाडी चिखल बाहेर पडायचा. एक खेप. चार खेपा. बर्फ पडू लागला! हात बधिर झाले. अकराव्या खेपेला पाणी नितळ आलं.

इंजिनची उष्णता ओढून घ्यायला हीटर पूर्ण उघडून, काचा खाली करून ते अगदी हळूहळू झोपडीला पोचले. अर्नोल्फ ओठ चावत पडला होता. "केवढा हा उशीर," तो म्हणाला. त्याला सीटवर आडवं केलं, ग्रीमूरनं त्याचा पाय धरला आणि ट्रक हाल्बेरानं हाकला.

नदीआधीच्या शेवटच्या चढाला काटा पुन्हा लाल पट्ट्याला भिडला.

"चल, चल," अर्नोल्फ मान उचलून कण्हला. "नदी समोर आहे. पलीकडे रुग्णवाहिका दिसतेय मला."

इंजिन भर धारेत बंद पडलं तर तिघांपैकी कुणीच वाचणार नव्हतं. हाल्बेरानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"बाबा, आता बसायचं."

त्यानं तिला शेलक्या शिव्या घातल्या. तिनं त्याचा हात घट्ट धरला आणि ती बसून राहिली. काच बर्फानं पांढरी होत गेली. काटा उतरत उतरत पार खाली आला, तेव्हाच तिनं किल्ली फिरवली. ट्रक पाण्यात शिरला. पाणी दारांना लागलं. इंजिन एकदाही अडखळलं नाही!

अर्नोल्फला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा अजून उजेड होता. तो नर्सला तक्रारीच्या सुरात सांगत होता, "नदी समोर दिसत असताना हिनं मला बर्फात बसवून ठेवलं. हिनं! जन्मात कधी चहा उकळेपर्यंत थांबली नाही ती."

लेकीचा हात मात्र म्हाताऱ्यानं काही सोडला नाही.