सत्तावन्न अंशांची नोंद

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण माझी ताई थापा मारणारी बाई नाही. त्या दुपारी काय झालं ते तिने मला एकदाच सांगितलं. तेच लिहितेय, पदरचा एकही शब्द न घालता.

बाबा जाऊन पंच्याऐंशी दिवस झाले होते.

ताई बाबांच्याच कारखान्यात, त्यांच्याच खुर्चीवर बसायला लागली होती. काम तेच... गॅसच्या लांबलचक पाइपमधून कानाला न ऐकू येणाऱ्या लहरी सोडायच्या. भेग असेल तर लहर तिथून परत फिरते. पण पाइप तापला की लहरीची चालही बदलते. म्हणून पाइप नवा असताना बाबांनी दर तीन अंशांना त्याची नोंद करून ठेवली होती. बारापासून चोपन्नपर्यंत. आजची लहर तेवढ्याच तापमानाच्या जुन्या नोंदीशी ताडून बघायची.

मोजण्याआधी बाबा पाइपवर बोटाच्या पेराने दोनदा वाजवत. गरज काहीच नसायची. "कुणाच्या घरात शिरताना दार नको का वाजवायला?" म्हणायचे. प्रत्येक नोंदीखाली शेरा एकच. 'वाजवलं, मग मोजलं.'

त्या दुपारी तीन वाजता बंद पाइप उन्हाने सत्तावन्न अंशांवर गेला होता. इतका तो कधीच तापला नव्हता.

चोपन्नच्या नोंदीशी ताडलं, तर पडद्यावरची लहरीची सगळीच रेघ सरकलेली.

"उन्हाने आहे गं ते," साहेब म्हणाले. "माझंही डोकं सरकलंय, म्हणून मला भेग पडली का? सही कर. चारला गॅस सोडायचाय."

पाइपखालच्या शेडमध्ये चौदा माणसं कामाला होती.

ताईलाही ते उन्हाचंच वाटलं. तिने पेन उचललं.

टक... टक.

पाइपवर.

ती बाहेर धावली. पाइपजवळ कोणी नव्हतं. साहेब तेवढे दाराच्या सावलीत उभे होते.

"साहेब, तुम्ही वाजवलंत?"

"मी? हात लावला तर फोड येतील!"

ती परत येऊन बसली. पडद्यावर नोंदींची यादी उघडीच होती. चोपन्नच्या खाली आणखी एक ओळ...

सत्तावन्न.

'वाजवलं, मग मोजलं.'

तिने आजची लहर त्या नोंदीवर ठेवली. रेघेवर रेघ तंतोतंत बसली...

फक्त एक जागा सोडून. बाविसाव्या मीटरवर.

"शेड रिकामी करा."

"अगं, पण वरून विचारतील मला..."

"आधी माणसं बाहेर काढा, साहेब. मग मला काय बोलायचं ते बोला."

बाविसाव्या मीटरवरचं आवरण सोललं. जोडाखाली वीतभर भेग होती. साहेबांनी स्वतःच चारचा गॅस थांबवायला फोन लावला.

ताई पळत आत गेली.

यादी चोपन्नलाच संपत होती.

"बाबांनीच कधीतरी करून ठेवली असेल," मी तिला म्हणाले.

"तारीख होती तिच्यावर."

"कुठली?"

"भेग सापडली त्याच दिवसाची."



मागच्या आठवड्यात मी तिला डबा द्यायला गेले. पाइप दुरुस्त झालाय, ठणठणीत आहे. तरी ती भर उन्हात तापमापकासमोर उभी होती. अठ्ठावन्न.

"आत चल, चक्कर येईल," मी म्हटलं.

"थांब ना. पुढची नोंद साठची. दोनच अंश कमी आहेत."

तिच्या आवाजात भीती नव्हती. मला भीती वाटली ती त्याचीच.

आणि खरं सांगायचं तर... मीही तिथून हलले नाही.