अस्तरातली पुरचुंडी

स्वयंपाकघराच्या खिडकीची काच चेंडू लागून फुटली, म्हणून तो आला. काखेत नवी काच, कानावर पेन्सिल. ती टेबलाशी बसून मलमलीच्या तुकड्यात मीठ, लवंगा आणि संत्र्याची वाळलेली साल बांधत होती.

"औषध आहे का काही?" त्याने विचारलं.

"झोपेची पुरचुंडी आहे."

"म्हणजे... जादू."

"जादू म्हणा, नाहीतर मसाला म्हणा. फक्त उशीखाली ठेवायची, पातेल्यात नाही टाकायची."

तो हसला, आणि काखेतली काच थरथरली.

पुरचुंड्यांची विद्या मावशीची. हिला लहानपणापासून मावशीनेच वाढवलं होतं. मावशीची नजर गेल्यापासून बांधायचं काम हिच्याकडे आलं, पण प्रत्येक पुरचुंडी मावशी नाकाशी धरायची, बोटांनी चाचपायची आणि मगच दाराबाहेर जाऊ द्यायची. रात्रपाळी करून झोप उडालेली नर्स यायची, मुलाखतीला निघालेल्या मुली यायच्या, घरात सदा भांडणं म्हणून रडवेली झालेली एखादी सून यायची. गुण यायचा की नाही कोण जाणे, पण माणसं पुन्हा यायची खरी.

काचवालाही पुन्हा आला. काचेच्या कडेची पुट्टी वाळली का बघायला एकदा, कोपऱ्यातून वारा येतो का बघायला दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा त्याने कारणही सांगितलं नाही, तेव्हा मावशी म्हणाली की काच पक्की बसली आहे, हाच जरा सैल झालेला दिसतो. ती लाजून मिठाचा डबा शोधायला लागली... डबा समोरच होता.

मग संध्याकाळी दोघं फिरायला जायला लागली. दुकानांच्या रस्त्याने जाताना तो आपण बसवलेल्या काचा दाखवायचा. नीट बसलेली काच दिसतच नाही, दिसली तर समज माझं चुकलं, असं सांगायचा. तिचं नाव त्याने लवंग ठेवलं. चणीने एवढीशी आणि जिभेला तिखट, म्हणून.

"तू बोलतोस माझ्याशी, पण बघतोस भलतीकडेच," ती एकदा म्हणाली.

"तुझ्याकडेच बघतोय की... काचेत."

तिने मान वळवली. समोरच्या काचेत दोघं शेजारी उभी होती, आणि तो खरंच तिच्याकडे बघत होता.

थंडी सुरू झाली आणि त्याच्या वहिनीचा फोन आला. दूरच्या शहरात काचेच्या कारखान्यात त्याचा दादा कामाला होता. भट्टीच्या धुराने छाती गेली होती, अंथरूण धरलं होतं. पोरं लहान. वहिनीने रडून काही मागितलं नाही, भाऊजी येता का, एवढंच विचारलं. याच दादाने त्याला शिकवलं होतं, हातात काच कापायचा हिराही त्यानेच दिला होता.

तू चल, मावशीलाही नेऊ, असं तो म्हणाला. मावशी तयारही झाली. पण त्या दिवशी मावशी चहा ठेवायला उठली आणि भिंतीवरून हात फिरवत, कपाटाचा कोपरा बरोबर चुकवत ओट्यापर्यंत गेली, तेव्हा हिने तो विषय मनातच मिटवला. या घराबाहेर मावशी खऱ्या अर्थाने आंधळी झाली असती.

त्याच दुपारी तिने मावशीला माणूस थांबवायची पुरचुंडी विचारली. मावशीने लगेच सांगितली. सात लवंगा, खडेमीठ, उंबऱ्यावरची चिमूटभर धूळ, आणि ज्याला थांबवायचं त्याच्याच कपड्याचा दोरा. मग म्हणाली, "तुझ्या काकांच्या उशीत होती."

तिला काका आठवले, मावशीचे यजमान. फार शांत माणूस. रोज संध्याकाळी बूट घालून दारात उभे राहायचे, कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. कुठे जायचं होतं, ते कधी कुणाला कळलं नाही.

तरी तिने पुरचुंडी बांधली. त्याच्या जाकिटाचा खिसा फाटला होता, तो शिवून देते म्हणाली आणि अस्तराच्या आत, डाव्या बाजूला, ती शिवून टाकली.

आणि तो थांबला. आधी गाडी चुकली, मग ताप आला, मग एका दुकानाचं मोठं काम निघालं. पुढच्या आठवड्यात नक्की, असं म्हणता म्हणता धुकं सरून ऊन चढायला लागलं. सुरुवातीला तिला आनंद लपवता येत नव्हता. पण त्याच्या हातून काचा वाकड्या कापल्या जायला लागल्या. फोन वाजला की तो पालथा घालून ठेवायचा. एका संध्याकाळी ती चहा घेऊन आली तर तो बूट घालून दारात उभा होता, नुसताच, रस्त्याकडे बघत. तिने कप तिथेच ठेवला.

ती कात्री घेऊन आली.

"हलू नकोस. अस्तरात मी काहीतरी शिवलंय. तुला थांबवायला."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. लवंगेचा वास लपतो होय?"

"मग काढून का नाही टाकलीस?"

त्याने अस्तरावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "कुणीतरी धरून ठेवलंय म्हटलं की बरं वाटायचं. नाहीतर दादाला काय सांगणार... मलाच यायचं नाही?"

"मला तू हवा आहेस," ती म्हणाली. "खूप हवा आहेस. पण असा, दारात उभा राहिलेला नाही."

त्याच्या अंगावरच तिने अस्तर उसवलं. एकेक टाका तुटत होता आणि तिचं कपाळ त्याच्या छातीला लागत होतं. शेवटचा टाका निघाल्यावरही ती तशीच राहिली. त्याने तिच्या केसांवर हात ठेवला, आणि दोघांपैकी कुणीच तो क्षण संपवायला पुढे झालं नाही.

सकाळी दादाच्या शहराला जाणाऱ्या बसला उशीर झाला. निरोप घेऊन झाला होता, तरी उभं राहावं लागलं. त्याने विचारलं, परत यायची पुरचुंडी असते का?

"नसते. माणूस येतो, नाहीतर नाही येत."

"मी येईन असं—"

"म्हणू नकोस," ती म्हणाली.

बस आली. खिडकीची काच बंद होती, धुळीने माखलेली. त्याने आतून बाहीने ती पुसली, पण धूळ बाहेरच्या बाजूला होती.

ती घरी आली तेव्हा नर्स झोपेच्या पुरचुंडीसाठी बसली होती. तिने मलमल पसरली, मीठ घेतलं, लवंगा मोजल्या, गाठ मारली आणि मावशीच्या हातात दिली. मावशीने वास घेतला. बोटांनी चाचपली, पुन्हा चाचपली.

"ओलं झालंय गं मीठ," मावशी हळूच म्हणाली. "हे नाही चालायचं. दुसरं घे."

तिने डोळे पुसले आणि दुसरं घेतलं.