भर सभेतला खुलासा

"ओ बाई! तिथून हलू नका!"

मी जिन्यावरच थिजले. अकरा वर्षं ज्या शाळेत मी भूगोल शिकवला, तिथे माझ्यावरच कुणी ओरडत होतं! खाली एक उंच माणूस हातात टॉर्च घेऊन उभा.

"आडवी दोरी दिसली नाही?"

"दिसली. पण मी इथली नगरसेविका आहे."

"जिन्याला ते माहीत नाही—" असं म्हणत त्याने हात पुढे केला. "भिंतीच्या बाजूने या... हं, सावकाश."

खाली पोहोचल्यावरही तो हात माझ्या हातात दोन क्षण जास्तच राहिला. त्याने धरून ठेवला, की मीच सोडला नाही... देव जाणे.

तो महापालिकेचा इंजिनिअर. आमची जुनी इमारत तपासायला आलेला. भेगांवर त्याने काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या; भिंत सरकली की काच तुटते. दर मंगळवारी, शुक्रवारी तो बघायला यायचा. आणि नेमकं त्याच दिवशी माझंही शाळेत काम निघायचं.

"तपासणीला नगरसेविकेची हजेरी लागते का हो?" त्याने एकदा विचारलं.

"छे! पण तुम्हाला चहा कोण पाजणार?"

तो हसला, की माझं पुढचं वाक्य हमखास चुकायचं.

मग अहवाल आला. 'इमारत धोकादायक. तातडीने रिकामी करावी.'

माझ्या पायाखालची जमीन सरकली. नोकरी सोडून मी निवडणूक लढले, ती एकाच शब्दावर: ही शाळा बंद होऊ देणार नाही. आमच्या गटाचे नेते, तात्या, यांनी मला बोलावून घेतलं.

"तुझं ऐकेल तो. 'धोकादायक' काढून 'दुरुस्तीयोग्य' लिही म्हणावं. नाहीतर पुढच्या वेळी तुला कोण विचारतंय!"

मी गेले. आणि सांगायला लाज वाटते, पण मी त्याला तसं म्हणाले.

तो चिडला नाही. मला पाचवीच्या वर्गात घेऊन गेला. फळ्यामागची काच मधोमध तुटलेली. शेजारी पेन्सिलने लिहिलेली परवाची तारीख.

"इथे एकेचाळीस पोरं बसतात." त्याचा आवाज खाली आला. "तुम्ही माझ्याकडे दुसरं काहीही मागा..."

मी तशीच निघून आले.

सभेच्या दिवशी गॅलरी आयांनी खचाखच भरली होती. त्याने अहवाल वाचून संपवला न संपवला, तोच विरोधी बाकावरचे एक सदस्य उठले.

"महापौर महोदय, हे इंजिनिअर आणि बाई सारखे बरोबर दिसतात! शाळा पाडायचा डाव दोघांनी मिळून रचलाय. यांचं नातं काय, कळू द्या सभागृहाला!"

हशा पिकला. इंजिनिअरने माईक जवळ ओढला.

"अहवालाचं आणि बाईंचं काही नातं नाही." तो थांबला. "माझं विचाराल तर... माझं मन जडलंय त्यांच्यावर. पण मी त्यांना ते अजून सांगितलेलं नाही. म्हणजे... आता सांगितलं."

एकच गलका! महापौर घंटा वाजवून दमले. मी उठले.

"मी यांना अहवाल बदलायला सांगितलं होतं. यांनी ऐकलं नाही... बरं झालं. शाळा बंद करा. मी माझा शब्द मोडतेय. पण पोरं सोमवारी कुठे बसणार हे ठरल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"दगाबाज!" गॅलरीतून कुणीतरी ओरडलं.

ठराव मंजूर झाला. वाचनालयाचा हॉल पोरांना मिळाला. गटाने मला दिलेलं शिक्षण समितीचं अध्यक्षपद मात्र तात्यांनी तासाभरात काढून घेतलं.

बाहेर आया तोंड फिरवून पुढे जात होत्या. एक मात्र थांबली. "बाई, पाचवीची भिंत खरंच सरकतेय?"

"हो."

तिने माझा दंड घट्ट दाबला आणि गेली.

फाटकाशी तो उभा होता. "माझ्यामुळे तुमचं..."

"तुमच्यामुळे नाही. भिंतीमुळे."

"भर सभेत बोलायला नको होतं मी."

"नकोच होतं! आता ते इतिवृत्तात छापून येणार."

"मग... तुमच्या बाजूने काय लिहायचं?"

वर्षभर प्रत्येक विषयावर तावातावाने बोलणाऱ्या मला आज दोनच शब्द पुरणार होते. मी त्याची बाही धरली.

"लिही—" पहिल्यांदाच त्याच्याशी एकेरीत बोलत मी म्हणाले, "एकमताने मंजूर."