शिक्षक क्रमांक चार

मला खरं तर त्या वर्गात दुसऱ्याच बाई हव्या होत्या. शांत, वक्तशीर, पाठ टाचणाबाहेर एक शब्द न बोलणाऱ्या. त्यांच्याशी सगळं ठरलंही होतं. पण पहिल्या दिवशी मी शेवटच्या बाकावर तक्ता मांडून बसले, तर दारातून एक उंच, किडकिडीत गृहस्थ आत आले. बाही खडूने माखलेली, केसांतही थोडा खडू. बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या, आणि हे मला सोडून साऱ्या शाळेला माहीत होतं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "नवीन प्रवेश का? वही आणलीय ना?"

पाचवीचा अख्खा वर्ग मागे वळून हसला. मला तिथल्या तिथे उठून जावंसं वाटलं.

मी अभ्यासक्रम आणि अध्यापन या विषयात पीएच.डी. करत होते, तीही पाचव्या वर्षी. भूमितीचा एक नवा अभ्यासक्रम चार शाळांतल्या चार वर्गांत शिकवला जात होता, आणि तो कसा शिकवला जातो हे मी मागे बसून टिपत होते. दर तीन मिनिटांनी तक्त्यात एक खूण. शिक्षक बोलताहेत, मुलं बोलताहेत, शांतता आहे, नाहीतर गोंधळ आहे. मी स्वतः बोलायचं नाही, हसायचं नाही. वर्षअखेर प्रबंध सादर झाला की कॉलेजातली नोकरी पक्की होती. घरी आईचं एकच पालुपद. पाचवीच्या वर्गात बसून डॉक्टर होता येतं हे आधी कळलं असतं, तर मी तुला तिथून पुढे पाठवलीच नसती, म्हणायची.

नव्या शिक्षकांनी संमतीपत्रावर न वाचताच सही केली. माझ्या कागदांत ते शिक्षक क्रमांक चार झाले आणि माझ्या डोक्याला कायमचा ताप झाला.

बाकीचे तीन शिक्षक कसे शहाण्यासारखे टाचणाप्रमाणे शिकवायचे. हे महाशय पाच मिनिटं टाचणावर असायचे आणि मग कुणीतरी पोर काहीतरी विचारायचं. एकदा एका मुलीने विचारलं, हेडसरांची खोली मोठी की आपला वर्ग? झालं. पस्तीस मुलं दोऱ्या घेऊन हेडसरांच्या खोलीत घुसली. हेडसर फोनवर कुणा मोठ्या अधिकाऱ्याशी बोलत होते. ते पाय वर घेऊन खुर्चीत बसून राहिले आणि मुलांनी टेबलाखालचीसुद्धा जमीन मोजली. मी दारात तक्ता धरून उभी... खूण कुठल्या रकान्यात करायची?

तास संपल्यावर मी त्यांना गाठलं.

"सर, टाचणात आज आयत होता."

"आयतच होता की. जरा मोठा होता."

"आणि दहा मिनिटांचा सराव?"

"तो उद्या घेतो."

"उद्या मी येणार नाही."

"मग परवा घेतो," ते म्हणाले. "सराव काय, कधीही होईल."

मी तणतणत बस स्टॉपवर गेले. बस आली, गेली, आणि ती माझीच होती हे मला नंतर कळलं.

पुढे पुढे मी जायच्या आधी शेवटचा बाक पुसलेला असायचा. त्याचा एक पाय डुगडुगायचा, तर त्याखाली कागदाची घडी आली. एका सकाळी पाऊस होता. माझी ओली छत्री त्यांनी न विचारता उघडून व्हरांड्यात वाळत ठेवली आणि काही झालंच नाही अशा थाटात फळ्याकडे वळले. फळ्यावर त्रिकोण काढला. त्याला चार बाजू झाल्या. पहिल्या बाकावरच्या मुलाने मोजून दाखवल्या तेव्हा ते इतके लाल झाले की मला पेन्सिल चावावी लागली. हसायचं नव्हतं ना! बाकी तासांना मी घड्याळ बघून खुणा करायचे. त्या दिवशी पंधरा मिनिटं मी घड्याळाकडे बघितलंच नाही आणि नंतर अंदाजाने रकाने भरले.

असे बावीस तास झाले. मग माझ्या कामातली एक रीतसर गोष्ट करायची वेळ आली. माझ्या खुणा बरोबर आहेत का हे बघायला दुसऱ्या कुणीतरी तेच तास वर्गात लावलेल्या कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगवर पाहून स्वतःच्या खुणा करायच्या, आणि दोन्ही तक्ते ताडून बघायचे. हे काम माझ्या मैत्रिणीने अंगावर घेतलं होतं. पहिल्या तीन वर्गांत आमचं शंभरात नव्वद वेळा जुळलं. चौथ्या वर्गात चाळीस.

"हे बघ," ती मला लॅपटॉपसमोर बसवून म्हणाली. "इथे पस्तीस पोरं बाकांवर चढून ओरडताहेत. आणि तू काय लिहिलंयस? शांतता."

मी पडद्याकडे बघत राहिले. खरंच पोरं ओरडत होती. आणि मला आठवत होतं ते एवढंच, की ते खिडकीशी उभे होते आणि उन्हात त्यांच्या बाहीवरचा खडू दिसत होता.

"कधीपासून गं?" मैत्रिणीने हळूच विचारलं.

मला रडू आलं ते प्रेमाने नव्हे, संतापाने. पाच वर्षं मी तटस्थपणावर व्याख्यानं ठोकली होती! मैत्रीण म्हणाली, खुणा दुरुस्त कर आणि मोकळी हो, मी कुणापाशी बोलणार नाही. मी दोन दिवस खोडरबर घेऊन बसलेही. रेकॉर्डिंग लावायचे, आणि ते एखाद्या घाबरट पोराला खाली वाकून 'तू सांग, मला पण माहीत नाहीये' असं म्हणायचे, की खोडरबर हातातच राहायचं. मी आता कुठलीच खूण खरी करू शकणार नव्हते. तिसऱ्या दिवशी मी माझ्या गाइड मॅडमकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी चष्मा काढला. "नक्की आवडतात? की वर्गात बसून बसून कंटाळली आहेस?"

मी दोन्ही तक्ते पुढे ठेवले. त्यांनी ते बराच वेळ वाचले.

मग त्यांनी निकाल दिला. चौथा वर्ग प्रबंधातून बाद. नवा वर्ग शोधायचा, म्हणजे आणखी एक वर्ष, आणि नोकरी तोवर थांबेल असं नाही. शिवाय वर्ग का वगळला हे प्रबंधात खरं खरं लिहायचं. आणि नियमाप्रमाणे, ज्याच्याबद्दल लिहिलं त्याने ते वाचून सही करायची.

"त्यांनी वाचायचं?" मी विचारलं.

"मी तर करणार नाही सही," मॅडम म्हणाल्या.

तो एक परिच्छेद लिहायला मला आठवडा लागला. शिक्षकखोलीत त्यांच्यासमोर कागद ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. तिथे लिहिलं होतं: 'सातव्या तासापासून संशोधिकेला शिक्षक क्रमांक चार यांच्याविषयी ओढ वाटू लागली. त्यामुळे तिची निरीक्षणं विश्वसनीय राहिली नाहीत.'

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग या माणसाने चक्क खिशातून लाल पेन काढलं.

"हा प्रबंध आहे, चाचणीचा पेपर नाही," मी म्हणाले. "फक्त सही करा."

"माहिती अपुरी आहे हो. अशी कशी सही करू?"

त्यांनी समासात सावकाश, गोल गोल अक्षरांत काहीतरी लिहिलं, खाली सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. 'शिक्षक क्रमांक चार यांची अवस्था पहिल्या तासापासूनच अशी होती. हेही नोंदवावे.'

माझा जीव सुपाएवढा झाला होता आणि तरी राग मावत नव्हता.

"पहिल्या तासापासून? आणि एक शब्द बोलला नाहीत? तुम्हाला कल्पना आहे, माझं काय काय गेलं ते? वर्ग गेला. नोकरीचं आता काही खरं नाही. एक अख्खं वर्ष घालवलंत तुम्ही माझं."

ते खुर्चीतून उठले. पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"आणखी किती वर्षं..." ते अडखळले. "म्हणजे... आणखी किती देऊ शकाल?"

"सगळी," मी म्हणाले, आणि तेसुद्धा वैतागूनच म्हणाले.