बंद न होणारं इंजिन

होडीची हौस दाजींना होती आणि इंजिनाची अक्कल मेहुण्याला. दाजींचं चष्म्याचं दुकान, पाण्याशी संबंध काचा धुण्यापुरता. मेहुण्याचं गाड्यांचं गॅरेज. दाजींची बायको म्हणायची, "एकाला पोहता येत नाही आणि दुसऱ्याला गप्प बसता येत नाही. जा, मिळून बुडा!" हसत म्हणायची, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

होडी वापरलेलीच घेतली. मोठ्या तलावाच्या धक्क्याला ती बांधलेली होती. पुढे काच, मागे समोरासमोर दोन बाकं, आणि मधल्या फळ्या उचलल्या की खाली इंजिन. विकणारी बाई धक्क्यावर आलीच नाही, अलीकडे रस्त्यावरच उभी राहिली.

"तुमचे मिस्टर नाही आले?" दाजींनी विचारलं.

"ते पाण्याकडे येत नाहीत आता." किल्ली देताना ती जराशी घुटमळली. "इंजिन चांगलं आहे. चालू असलं की काही त्रास नाही."

"अहो, चालू असलेलं कुठलंच इंजिन त्रास देत नाही!" मेहुणा म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला. बाई हसली नाही.

रविवारी सकाळी मेहुण्याने फळ्या उचलल्या आणि थोड्याच वेळात जुन्या मालकाचा उद्धार सुरू झाला.

"दाजी, बघा हे! किल्लीची तार कापून दुसरीकडेच जोडलीय. किल्ली कितीही फिरवा, इंजिन बंद व्हायचं नाही."

"चुकून झालं असेल."

"एखादी चूक चुकून होते. इथे रांग लागलीय. मंद चालीचा स्क्रू इतका आवळलाय की होडी नुसती उभी असली तरी इंजिन बोंबलत राहावं. सायलेन्सर काढून टाकलाय. आणि टाकी संपू नये म्हणून मागे दुसरी टाकी! कुठल्या शहाण्याचं काम आहे हे?"

दाजी वाकून बघत होते. त्यांना यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण बारीक कामाची नजर होती. तारांचे जोड सुबक होते. प्रत्येकावर चिकटपट्टी दोन-दोनदा, घट्ट गुंडाळलेली. कुणीतरी हे सगळं शांतपणे बसून, विचार करून केलं होतं. दाजींच्या मनात पाल चुकचुकली. पण मेहुणा टर उडवेल म्हणून ते गप्प राहिले.

दुपारपर्यंत मेहुण्याने सगळ्या चुका निस्तरल्या. किल्ली फिरवली की इंजिन सुरू, किल्ली फिरवली की बंद. त्याने दोनदा करून दाखवलं आणि दोघं निघाले.

नवा सायलेन्सर बसल्यामुळे इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. तलावाच्या मधे पोचेपर्यंत ऊन गेलं. पाण्यावरून धुकं सरकत आलं आणि काठावरची झाडं एकेक करून पुसली गेली.

"बंद कर जरा," दाजीच म्हणाले. "शांत बसू."

मेहुण्याने किल्ली फिरवली.

शांतता इतकी एकदम आली की दाजींचे कान दुखले. पाण्याचा चुबूक आवाजही नाही. होडी हलायची थांबली, जशी काही जमिनीवर ठेवलीय. मग वास आला. खूप दिवस बंद असलेल्या खोलीचं दार उघडावं, तसा कोंदट वास. उघड्या पाण्यावर असा वास कुठून येणार...

टक. टक.

आवाज पायाखालून आला होता.

"लाकूड आपटलं असेल," मेहुणा म्हणाला.

टक. टक.

बोटाच्या पेराने दार वाजवावं तसा आवाज. हलका, शहाण्यासारखा. मेहुणा हसला, खाली वाकला आणि त्याने फळीवर पेराने दोनदा वाजवलं. "कोण आहे? मालक घरी नाहीत!"

"अरे, नको ना..." दाजी म्हणाले.

काही क्षण काहीच झालं नाही. मग तीनदा वाजलं. या वेळी मेहुण्याच्या बाजूला. नंतर थोडं पुढे. नंतर दाजींच्या तळव्यांखाली. दाजींनी दोन्ही पाय उचलून बाकावर घेतले.

"मासा असेल... मोठा..." मेहुण्याचा आवाज पार खाली गेला होता. त्याने फळी उचलली. इंजिनामागून पाण्यातल्या पंख्याकडे जाणारा लोखंडी दांडा दिसला. इंजिन बंद होतं. तरी तो दांडा फिरत होता. सावकाश थोडासा इकडे. थांबला. मग थोडासा तिकडे. आत कुणी आहे का, म्हणून बाहेरून दाराची मूठ फिरवून बघावी, तसा.

"चालू कर," दाजी कुजबुजले. "चालू कर ते..."

किल्ली फिरवली. इंजिन खाकरलं आणि विझलं. पुन्हा विझलं. दांडा आता जोरात हिसके देत होता. मेहुण्याचे ओठ पांढरे पडले होते. तो होडीच्या काठावरून खाली पाण्यात बघायला झुकला, आणि झुकतच राहिला. दाजींनी त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरून त्याला मागे ओढलं. होडी डचमळली. मेहुणा आडवा पडला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "दाजी, स्क्रू... त्याने आवळला होता तसा... पाना द्या..."

दाजींनी पाना दिला. मेहुण्याने स्क्रू आवळला, पुन्हा आवळला. या वेळी किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं आणि किंचाळत सुटलं. तो कर्कश आवाज ऐकून दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

धक्क्याला लागल्यावर मेहुण्याने किल्लीला हात लावला नाही. इंजिन तसंच ओरडत ठेवून, दोर कसाबसा अडकवून दोघांनी उड्या मारल्या.

गाडीत बसल्यावर दाजींनी त्या बाईला फोन लावला. होडीचं नाव निघताच तिनेच विचारलं.

"पाण्यात असताना बंद केलंत?"

"हो."

"वाजलं?"

"हो..."

मग ती अगदी हळू म्हणाली, "आमचे दीर बघायला वाकले होते. मिस्टर एकटेच परत आले." आणि पुढे विचारलं, "तुमच्यापैकी कुणी उत्तर तर नाही ना दिलं?"

दाजींनी शेजारी पाहिलं. मेहुणा उजव्या हाताची पेरं डाव्या मुठीत दाबून बसला होता. दाजींनी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी इंधन संपून इंजिन आपोआप थांबलं होतं. होडी पाण्यात ठेवायचीच नाही, हे ठरलं होतं. क्रेनवाला आला. होडी वर उचलून, काठापासून लांब, लाकडी ठोकळ्यांवर ठेवून दिली. लख्ख ऊन होतं. माणसं जात-येत होती. मेहुणा क्रेनवाल्याशी दोन शब्द हसून बोललासुद्धा. दाजींना वाटलं, सुटलो.

ते होडीला वळसा घालून खाली वाकले. बुडाला सगळीकडे शेवाळ धरलं होतं, हिरवं, बोटभर जाड. फक्त एका जागी ते नव्हतं. रोज त्याच कुशीवर झोपणाऱ्याच्या उशीला गालाची जागा पडते, तेवढी जागा घासून गुळगुळीत झाली होती. रंग आरशासारखा चमकत होता.

त्या चमकत्या रंगावर वाफ धरली. काचेवर कुणी तोंड जवळ नेऊन फुंकावं, तशी. ती विरली. मग पुन्हा धरली, पुन्हा विरली, एका संथ लयीत.

मेहुणा मागून येऊन उभा राहिला होता. "काय बघताय, दाजी?"

दाजींनी त्याचा दंड धरला आणि ते त्याला मागे खेचू लागले. रंगावरची वाफ त्याच क्षणी थांबली, कुणीतरी ऐकण्यासाठी श्वास रोखून धरावा, तशी.